दोन दिवस की आठ आठवडे: लेखन कार्यशाळा कशी निवडावी?

एका कथालेखिकेचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ती काही वर्षं कथा लिहिते आहे. चार-सहा कथा नियतकालिकांत छापून आल्या, पण संग्रह दोन प्रकाशकांकडून साभार परत आला आणि कारण कुणीच कळवलं नाही. आता तिच्यासमोर दोन कार्यशाळांची माहितीपत्रकं आहेत. एक दोन दिवसांची आहे, ‘लेखनापासून प्रकाशनापर्यंत’ अशा विषयाची. तीत संपादक आणि प्रकाशक बोलणार आहेत. दुसरी आठ आठवड्यांची: आठवड्याला एक बैठक, दहा जणांचा गट, एकमेकांच्या कथा वाचायच्या आणि त्यांवर बोलायचं. यातली कुठली करू? आणि मुळात अशा ठिकाणी जाऊन लेखन सुधारतं का?

आधी उत्तर सांगते. आठ आठवड्यांची आधी करा. दोन दिवसांची नंतर करा, संग्रहाचा नवा खर्डा तयार झाल्यावर. मात्र फी भरण्याआधी आयोजकांना एक गोष्ट विचारा: सुधारून लिहिलेली कथा गट पुन्हा वाचणार आहे का? ‘नाही’ म्हणाले तर दुसरा गट शोधा. मी संपादनाचं काम करते आणि बरीच वर्षं कार्यशाळाही घेते. लिहिणाऱ्याच्या हातात फरक पडतो तो दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पहिल्या खर्ड्यावर कितीही चांगली चर्चा झाली, तरी ती ऐकून घरी गेल्यावर पुन्हा लिहायला बसलं नाही तर महिन्याभरात तिचा मागमूस उरत नाही.

लेखन शिकवता येतं का, हा वाद जुना आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात लेखकांची कार्यशाळा १९३६ मध्ये रीतसर सुरू झाली. कथालेखिका फ्लॅनरी ओ’कॉनर तिथल्याच विद्यार्थिनी. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचा सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन या कादंबरीकारांनी १९७० मध्ये सुरू केला. पुढे २०१७ मध्ये नोबेल मिळवणारे काझुओ इशिगुरो त्याच अभ्यासक्रमातून गेले. पण ही नावं पाहून कार्यशाळेने लेखक घडवले असं मी म्हणणार नाही. ही माणसं प्रवेश घेतानाच लिहीत होती आणि अनेक अर्जांतून निवडली गेली होती. कुणाकडे सांगण्यासारखं काय आहे, हे कुठलीच कार्यशाळा ठरवू शकत नाही. ते सांगायचं कसं, हे मात्र बऱ्याच प्रमाणात शिकता येतं. कथा कुठून सुरू करायची, कुणाच्या नजरेतून सांगायची, कुठला प्रसंग उभा करायचा आणि कुठला एका वाक्यात उरकायचा, संवादातलं काय गाळायचं, ही सगळी कामाची कौशल्यं आहेत. एकट्याने लिहूनही ती येतात. चांगल्या गटात लवकर येतात, इतकाच कार्यशाळेचा दावा असू शकतो, आणि तो खरा आहे.

बैठकीत नेमकं काय होतं ते एका नमुन्यावरून दाखवते. परिच्छेद मीच रचला आहे, पण या घडणीचा परिच्छेद प्रत्येक गटात येतो.

‘प्रकाश खूप अस्वस्थ होता. वडिलांशी त्याचा तीन वर्षं अबोला होता. आज ते अचानक आजारी पडले म्हणून तो धावत दवाखान्यात आला होता. व्हरांड्यात बसल्या बसल्या त्याला सगळं आठवू लागलं. आपण किती चुकलो, या विचाराने त्याचं मन भरून आलं.’

गटातला पहिला म्हणतो, ‘छान आहे, भावलं.’ दुसरी म्हणते, ‘मला नाही भिडलं.’ या दोन्ही अभिप्रायांचं लेखकाने घरी जाऊन करायचं काय? तिसरा म्हणतो, ‘अबोला कशामुळे झाला ते सुरुवातीलाच सांगून टाका.’ चौथी जरा थांबून म्हणते, ‘दुसऱ्या वाक्याशी मी सावरून बसले. पुढे मात्र माझं लक्ष सुटत गेलं, कारण प्रकाश काहीच करत नाही. त्याला नुसतं वाटत राहतं.’

ही चौथी ज्या गटात असते तो गट चांगला. लक्ष कुठे लागलं, कुठे सुटलं आणि त्या जागी कागदावर काय आहे, या तीन गोष्टी तिने तीन वाक्यांत सांगितल्या. तिसऱ्याचंही बोलणं वाया घालवू नये. त्याने सुचवलेला उपाय चुकीचा आहे, कारण अबोल्याची हकीगत सुरुवातीलाच आली तर आधीच निवेदनाने भरलेला परिच्छेद आणखी जड होईल. पण त्याच्या मागणीमागे खरी अडचण आहे. अबोल्याचं वजन त्याला जाणवलेलं नाही. वाचक अडखळल्याची जागा दाखवतो तेव्हा ती जागा मुकाट्याने अधोरेखित करावी. तिथे काय करायचं, हे मात्र लेखकाने स्वतः शोधायचं.

आता तोच प्रसंग दुसऱ्या खर्ड्यात:

‘नर्सने फॉर्म पुढे सरकवला. प्रकाशने वडिलांचं नाव लिहिलं. वयाच्या रकान्यात ६८ लिहिलं, खोडलं, ७१ लिहिलं. पुढचा रकाना सध्या चालू असलेल्या औषधांचा होता.

“घरी विचारून सांगतो,” तो म्हणाला.

घरी विचारण्यासारखं कुणी नव्हतं.’

अबोला हा शब्द आता कुठेही नाही, पण ६८ खोडून ७१ लिहिण्यात ती तीन वर्षं आली आहेत. औषधांच्या रकान्यात मुलाला वडिलांबद्दल काय काय माहीत नाही ते आलं. अस्वस्थ, मन भरून आलं, हे सगळं गळून पडलं आणि कुणाला त्याची आठवणही होत नाही. इथे गटात खरी वादावादी सुरू होते ती शेवटच्या वाक्यावर. काहींना ते हवं असतं: त्यातून आई नाही हे कळतं आणि प्रकाश खोटं बोलला हेही कळतं. काहींना वाटतं की ते वाक्य वाचकाला समजावून सांगतं, ‘विचारून सांगतो’ इथेच थांबावं. माझं मत विचाराल तर ते वाक्य पुढच्या पानांवर अवलंबून आहे. कथा नंतर रिकाम्या घरात जाणार असेल तर इथे ते काढावं, कारण ते घर वाचकाला स्वतः पाहू द्यायचं आहे. कथा दवाखान्याबाहेर पडणारच नसेल तर ठेवावं. एका वाक्यावर पंधरा मिनिटं असं बोलणं झालं की समजावं, फी वसूल झाली.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अशा बैठकीत प्रकाशच्या लेखकाला जितका फायदा होतो, त्याहून जास्त त्या चौथीला होतो. स्वतःची कथा वाचताना आपण कागदावर नसलेलंही वाचतो. मनात होतं ते सगळं आपल्याला तिथे दिसत असतं. दुसऱ्याच्या कथेत ती सोय नसते. तिथे फक्त लिहिलेलं असतं, आणि आपलं लक्ष का सुटलं याचं कारण त्या लिहिलेल्यातच शोधावं लागतं. आठ आठवडे हे केल्यावर नजर हळूहळू स्वतःच्या कागदाकडे वळते. म्हणून कार्यशाळेत जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते की स्वतःच्या कथेच्या दिवसाची वाट पाहत बसू नका. बाकीच्या आठवड्यांत दुसऱ्यांच्या कथांवर मन लावून काम करा. कथा दोनदा वाचा. पहिल्यांदा हातात पेन्सिलही नको. दुसऱ्यांदा जिथे लक्ष सुटलं, जिथे मागे जाऊन वाचावं लागलं, जिथे हसू आलं, तिथे समासात नुसती खूण करा. मग अर्धं पान लिहा: ही कथा माझ्या समजुतीप्रमाणे कशाबद्दल आहे, ती कुठे सर्वांत जिवंत आहे, मी कुठे निसटले, आणि लेखकाला विचारावासा एक प्रश्न. हे अर्धं पान लिहूनच आणायचं. नुसतं तोंडी बोलणारा माणूस आधीच्याचं ऐकून आपलं मत बदलतो, हे मी प्रत्येक गटात पाहते.

चर्चेच्या पद्धती वेगवेगळ्या असतात आणि त्यांचा परिणामही वेगळा होतो. आयोवाच्या परंपरेत रूढ झालेली पद्धत अशी की ज्याची कथा आहे त्याने गप्प बसायचं आणि इतरांनी तो तिथे नसल्यासारखं बोलायचं. विज्ञानकथा लेखकांचं मिलफर्ड हे संमेलन डेमन नाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये सुरू केलं. तिथल्या रिवाजात प्रत्येक जण पाळीपाळीने ठरावीक वेळ बोलतो, मध्ये कुणी तोंड घालत नाही आणि शेवटी लेखक उत्तर देतो. १९६८ मध्ये सुरू झालेल्या क्लॅरियन या सहा आठवड्यांच्या निवासी कार्यशाळेने तीच रीत उचलली. विज्ञानकथा लेखिका ऑक्टेव्हिया बटलर तिथे १९७० मध्ये विद्यार्थिनी होत्या. लेखकाने गप्प बसण्याचा फायदा उघड आहे: पुस्तक छापल्यावर आपण प्रत्येक वाचकाच्या शेजारी बसून ‘मला असं म्हणायचं होतं’ असं सांगू शकत नाही. तोटाही उघड आहे. गट एखाद्या गैरसमजाच्या मागे लागला तर वीस मिनिटं भलतीकडेच जातात आणि ज्याला एका वाक्यात ते थांबवता आलं असतं तो ओठ आवळून बसलेला असतो.

नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये एक वेगळी चार टप्प्यांची पद्धत मांडली. ती आता लेखनातही वापरली जाते. आधी प्रेक्षक किंवा वाचक त्यांना काय अर्थपूर्ण वाटलं ते सांगतात. मग निर्माता स्वतःचे प्रश्न विचारतो. त्यानंतर वाचक प्रश्न विचारतात, पण प्रश्नात मत लपवायचं नाही. ‘इतकं लांब का केलंत?’ असं नाही, तर ‘या प्रसंगाची लांबी ठरवताना तुमच्या मनात काय होतं?’ असं. शेवटी मतं, तीही आधी परवानगी विचारून. ही पद्धत वेळ खाते, आणि मोठ्या गटात तर झेपतच नाही. पण ज्यांनी आजवर आपलं लेखन कुणाला दाखवलेलं नाही त्यांच्यासाठी मी हीच निवडते. सरावलेल्यांच्या गटात मी मधला मार्ग घेते. लेखक आधी एकच प्रश्न गटापुढे ठेवतो, मग गप्प बसतो आणि शेवटची दहा मिनिटं त्याची असतात.

तुमच्यासमोरच्या आठ आठवड्यांच्या कार्यशाळेचा हिशेब जरा मांडून पाहा. दहा जण, आठ बैठका. एका कथेवर नीट बोलायला पाऊण तास ते तास लागतो, म्हणजे दोन-अडीच तासांच्या बैठकीत दोन कथा. एकूण सोळा जागा. पहिली बैठक ओळखीत आणि नियम ठरवण्यात गेली तर चौदा. दहा जणांना एकेक वेळ दिली की उरल्या चार. म्हणजे दुसरा खर्डा फक्त चौघांचाच वाचला जाईल. गट सात जणांचा असता तर प्रत्येकाला दोनदा संधी मिळाली असती. म्हणूनच मी म्हटलं की हे आधी विचारा. आयोजक समजूतदार असेल तर दुसरे खर्डे बैठकीबाहेर, दोघा-तिघांच्या जोडगटात वाचण्याची सोय करेल. तेवढंही चालेल. दोन दिवसांच्या शिबिरात चाळीस जण असतील आणि ‘प्रत्येकाच्या लेखनावर वैयक्तिक मार्गदर्शन’ असं लिहिलं असेल, तर हाच हिशेब तिथेही करून पाहा.

कथा आधी वाचायला मिळणार की बैठकीतच वाचून दाखवणार, हेही महत्त्वाचं. कानावर पडलेल्या कथेवर नेमकं बोलणं फार अवघड असतं. चांगल्या आवाजात वाचली तर सुमार कथाही तरून जाते. मार्गदर्शकाबद्दल विचारताना त्यांच्या पुरस्कारांची यादी फार पाहू नका. त्यांनी कधी दुसऱ्याच्या लेखनावर काम केलं आहे का, संपादन किंवा अध्यापन, ते पाहा. उत्तम लिहिणाऱ्याला दुसऱ्याच्या लेखनातली अडचण दिसतेच असं नाही. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांपैकी दोघा-तिघांचं लेखन मिळवून वाचा. सगळे एकाच आवाजात लिहीत असतील, तोच सूर, तशीच वाक्यं, तर तिथे लेखकांपेक्षा अनुयायी तयार होताहेत.

कार्यशाळेने नुकसानही होतं. दहा जणांच्या सूचना ऐकून दहाही अमलात आणल्या की कथेतलं जे विचित्र, अडेल आणि म्हणून जिवंत होतं तेच आधी जातं. कुणालाच न खटकणारी कथा उरते आणि ती कुणाच्या लक्षातही राहत नाही. बोलीत लिहिणाऱ्यांना याचा फार त्रास होतो. ‘हा शब्द कळला नाही, प्रमाणभाषेत लिहा’ ही सूचना गटात सहज येते आणि नवखा लेखक ती लगेच मान्य करतो. अशा वेळी मी गटाला विचारते: शब्द कळला नाही म्हणून प्रसंग कळला नाही, असं झालं का? बहुतेक वेळा उत्तर नाही असंच असतं. संदर्भाने अर्थ लागतो, आणि तो शब्द काढला तर ते पात्र खोटं बोलू लागतं. सूचना लिहून घ्याव्यात, आठवडाभर वहीत पडू द्याव्यात आणि मग वाचाव्यात. तेव्हाही ज्या बोचतात त्यांच्यात काहीतरी आहे.

कादंबरी लिहिणाऱ्यांनी आठवड्याच्या बैठकांकडून फार अपेक्षा ठेवू नये. प्रकरणाप्रकरणाने वाचणारा गट वाक्यं सुधारतो, पण मधली शंभर पानं नकोतच हे त्याला दिसू शकत नाही. शिवाय पहिल्या तीन प्रकरणांवर इतक्या वेळा काम होतं की चौथं लिहायचं राहूनच जातं. कादंबरीचा पूर्ण खर्डा आधी संपवावा, मग दोघा-तिघांना सलग वाचायला द्यावा. तुमचा प्रश्न कथांचा आहे, त्यामुळे तुम्हाला ही अडचण नाही.

‘गटात कुणी माझी कल्पना चोरली तर?’ ही शंका बरेच जण खाजगीत विचारतात. कल्पनेवर कुणाचाच मालकी हक्क नसतो. हक्क असतो तो लिहिलेल्या मजकुरावर, आणि १८८६ च्या बर्न कराराच्या, म्हणजे लेखनहक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, चौकटीतल्या देशांत तो लिहिल्या क्षणी मिळतो. त्यासाठी नोंदणीची अट नाही. खर्डे तारखेनिशी जपून ठेवा आणि निर्धास्तपणे वाचायला द्या. काळजी घ्यायची ती दुसऱ्याच बाबतीत. कथा इंटरनेटवर सर्वांना दिसेल अशा जागी टाकली तर बरीच नियतकालिकं ती पूर्वप्रकाशित धरतात आणि घेत नाहीत. गटाची देवाणघेवाण बंद गटातच असावी.

आता प्रकाशनाकडे येते. दोन प्रकाशकांनी संग्रह परत केला, कारण दिलं नाही. यावरून संग्रह वाईट आहे असा निष्कर्ष काढू नका, तो चांगला आहे असाही काढू नका. कारण न देणं हा संपादकाचा उद्धटपणा नसतो. येणाऱ्या प्रत्येक हस्तलिखितावर पत्र लिहायला वेळच नसतो. नकाराची कारणं बरीच असतात आणि त्यातली निम्मी लेखनाबाहेरची: त्या प्रकाशकाने कथासंग्रह काढणं थांबवलेलं असतं, पुढची दोन वर्षं भरलेली असतात, अशाच विषयाचं पुस्तक नुकतंच आलेलं असतं. पाठवण्याआधी प्रकाशकाची गेल्या दोन-तीन वर्षांची यादी पाहिली असती तर यातलं बरंच आधीच कळतं. पाकशास्त्र आणि चरित्रं काढणाऱ्याकडे कथासंग्रह पाठवला तर तो न उघडताच परत येतो.

लेखनाच्या बाजूचं कारण मात्र संग्रहांत एक खास असतं. नियतकालिकात एकेकटी छापलेली कथा उभी राहते, पण बारा कथा एकत्र ठेवल्या की लेखकाच्या सवयी दिसायला लागतात. पाच कथांची सुरुवात पहाटेच्या वर्णनाने होते. सात कथांत शेवटी कुणीतरी खिडकीशी उभं असतं. निवेदक सगळीकडे तोच, फक्त नाव बदललेलं. एकेक कथा वाचणाऱ्या गटालाही हे सहसा दिसत नाही. तेव्हा एक काम घरीच करा: प्रत्येक कथेचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद एका फाइलमध्ये ओळीने लावा आणि एका बैठकीत वाचा. काय बदलायचं, काय वगळायचं हे त्या फाइलमध्येच कळेल. बारातल्या तीन कथा काढून नऊ पाठवणं हे बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं. पहिली कथा सर्वांत बळकट हवी, कारण बऱ्याच हस्तलिखितांचा निकाल पहिल्या दहा-पंधरा पानांत लागतो. संपादक म्हणून मी हे लपवणार नाही.

सोबतचं पत्र अर्ध्या पानाचं पुरे: संग्रह कशाबद्दल आहे ते दोन-तीन वाक्यांत, किती कथा, साधारण शब्दसंख्या, यातल्या कुठल्या आधी कुठे छापून आल्या, आणि या प्रकाशकाकडेच का पाठवते आहे. मित्रमंडळींना फार आवडल्या हे लिहू नका. मजकूर युनिकोडमध्ये असू द्या. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती अगम्य चिन्हं दिसतात, आणि ती दुरुस्त करत बसायला तिकडे कुणी रिकामं नसतं. पानांना क्रमांक, ओळींत मोकळी जागा, प्रत्येक पानावर नाव. एकाच वेळी दोन प्रकाशकांकडे पाठवायचं असेल तर दोघांनाही तसं कळवा.

दोन दिवसांची कार्यशाळा इथे उपयोगी पडते. संपादक कसा विचार करतो हे त्याच्या तोंडून ऐकायला मिळतं. शक्य असेल तर आयोजकांना सुचवा की संपादकाने एक खरं पान सर्वांसमोर संपादित करून दाखवावं. त्या एका तासाची सर दिवसभराच्या भाषणांना येत नाही. तिथे ओळख झाल्याने पुस्तक स्वीकारलं जाईल असं समजू नका. ओळखीचा उपयोग इतकाच की तुमचं पत्र आलं तर ते उघडलं जाईल.

कराराबद्दलही तिथे विचारून घ्या, कारण पहिल्या पुस्तकाच्या आनंदात लेखक वाटेल त्यावर सही करतात. तुम्ही हक्क विकता आहात की ठरावीक मुदतीसाठी वापरायला देता आहात, हे आधी पाहा. दुसरंच योग्य. मुदत किती, कुठल्या भाषेसाठी, छापील आवृत्तीसोबत ई-बुक आणि ऑडिओही त्यात धरलं आहे का, अनुवादाचे आणि चित्रपटाचे हक्क कुणाकडे. रॉयल्टी छापील किमतीवर की प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर. टक्केवारी तीच असली तरी या दोहोंत मोठा फरक पडतो. विक्रीचा हिशेब वर्षातून किती वेळा मिळणार. पुस्तक संपलं आणि नवी आवृत्ती निघाली नाही तर हक्क किती दिवसांत परत येतील. यातलं शेवटचं कलम बऱ्याच करारांत नसतंच. ते मागून घ्या.

आणि एका प्रकारापासून खरंच दूर राहा. काही कार्यशाळांच्या शेवटी ‘सहभागींचा प्रातिनिधिक संग्रह’ निघतो. त्यात कथा येण्यासाठी वेगळे पैसे किंवा ठरावीक प्रती विकत घेण्याची अट असते, वर प्रमाणपत्र मिळतं आणि आयएसबीएन असल्याचं मोठ्या अक्षरांत सांगितलं जातं. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे, २००७ पासून तेरा अंकी. त्यावरून पुस्तकाचा दर्जा ठरत नाही आणि हक्कांची नोंदही होत नाही. अशा संग्रहात तुमची चांगली कथा पहिल्यांदा छापली जाते, सहभागी आणि त्यांचे नातलग सोडून कुणी वाचत नाही, आणि नंतर चांगलं नियतकालिक तीच कथा पूर्वप्रकाशित म्हणून नाकारतं. ज्या कार्यशाळेत प्रकाशनाची हमी दिली आहे तिथे लेखन शिकवलं जाण्याची शक्यता कमीच. स्वतः पैसे घालून पुस्तक काढणं ही वेगळी गोष्ट आहे. ते उघडपणे करावं, आणि मग छपाईची फाइल, प्रती आणि सगळे हक्क आपल्याकडेच राहतील हे लेखी घ्यावं.

आठ आठवडे संपताना गटातल्या दोघा-तिघांना विचारा, पुढे भेटत राहायचं का. ज्यांचं बोलणं ऐकून तुम्हाला घरी जाऊन लिहावंसं वाटलं त्यांना विचारा. ज्यांनी कौतुक केलं ते याहून वेगळे असू शकतात. तिघांचा गट महिन्यातून एकदा, प्रत्येकाने लिहून आणलेलंच, हा नियम मोडला नाही तर असे गट वर्षानुवर्षं चालतात आणि कुठल्याही सशुल्क कार्यशाळेपेक्षा जास्त काम करतात.

पहिल्या बैठकीला कुठली कथा द्यायची हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल म्हणून सांगते. छापून आलेली देऊ नका, तिला हात लावायचं मन होणार नाही. अगदी काल लिहिलेलीही नको, ती अजून फार जवळची आहे. परत आलेल्या संग्रहातली जी कथा तुम्हाला स्वतःला बरोबर वाटत नाही, पण कुठे चुकतंय ते सापडत नाही, ती द्या. आणि गटाला तुमची शंका आधी सांगू नका. त्यांना ती जागा आपोआप सापडते का ते पाहा.